अंतर विचारताना आधी ‘कोणतं’ ते ठरवा

प्रवासाच्या अंतराचा आणि वेळेचा पहिल्यांदाच हिशोब करताय ना, मग एवढं पक्कं धरा: हवाई अंतर (दोन ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं) आणि रस्त्याचं अंतर हे दोन वेगळे आकडे आहेत. रस्ता डोंगराला वळसा घालतो, नदीवर पूल असेल तिथूनच जातो.

नवखे हमखास चुकतात ते वेळेत. विमान ताशी ८००-९०० किलोमीटरने उडतं, पण म्हणून ४०० किलोमीटरचा प्रवास अर्ध्या तासात होतो असं नाही. चढणं, उतरणं, धावपट्टीची रांग, त्याआधी तपासणी, नंतर सामानाची वाट. घराच्या दारापासून मोजा.

गाडीचा वेग सरासरीच धरा, काट्यावरचा नको. ३०० किलोमीटर, ताशी ६०: ५ तास, थांबे वेगळे.

विमानाला लागणाऱ्या वाऱ्याचं गणित सध्या सोडा. दोन-तीन प्रवास असे मोजलेत की अंदाज नक्की बसेल.