जुना लँड रोव्हर डिफेंडर पाचव्या गिअरमध्येही जास्त फेरे घेतोय. ट्रान्सफर केस उघडायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९६ चा डिफेंडर ११०, ३०० टीडीआय इंजिन, पाच गिअरचा आर३८० गिअरबॉक्स, २३५/८५ आर१६ टायर. पाचव्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) ३१०० दाखवतो, तशाच गाडीचे इतर मालक २६०० सांगतात. ८० ला चौथ्यात ३२०० आणि पाचव्यात २५००. गॅरेजवाले म्हणतात गिअर झिजलेत, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) उतरवून उघडावी लागेल.

उघडू नका. निदान अजून तरी नाही.

गिअरचे दात झिजतात, दातांची संख्या झिजत नाही. झिजलेला गिअर गुणगुणतो, गचके देतो, भार कमी-जास्त झाला की आपोआप न्यूट्रलला येतो, तेलात चमकी सोडतो. पण ४० दातांचं चाक कितीही झिजलं तरी ३४ दातांचं होत नाही, म्हणून त्याचा रेशो (एका चाकाच्या एका फेऱ्यामागे दुसऱ्याचे किती, ते प्रमाण) आहे तोच राहतो. तेव्हा 'झिजल्यामुळे आरपीएम वाढले' हे निदान मुळातच चुकीचं आहे. आरपीएम आणि वेग यांचं नातं बिघडायला चारच कारणं असू शकतात: कुठला तरी भाग वेगळ्या रेशोचा बसवलाय, टायरचा घेर वेगळा आहे, क्लच सरकतोय, किंवा काटा खोटं बोलतोय.

आधी २६०० कुठून येतात ते पाहू, कारण हा हिशेब हाताशी असला की कुणी तुम्हाला गोंधळात पाडू शकत नाही. १०० च्या वेगाला गाडी मिनिटाला १६६७ मीटर जाते. २३५/८५ टायरचा जमिनीवर चालताना घेर साधारण २.४५ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ६८० फेरे. डिफचा (ॲक्सलमधला डिफरन्शियल, जो शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देतो) रेशो ३.५४, ट्रान्सफर केस (एलटी२३०) हायमध्ये (रस्त्यावरची नेहमीची रेंज; लो म्हणजे खडतर वाटेसाठीची सावकाश रेंज) १.४११, पाचवा गिअर ०.७७. सगळ्यांचा गुणाकार केला की २६१६ येतात. म्हणजे इतर मालक बरोबर सांगतायत.

आता तुम्ही दिलेले आकडे. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण अर्धं निदान तुम्हीच करून ठेवलंय. चौथा गिअर सरळ १:१ असतो. एकाच वेगाला पाचव्याचे आरपीएम भागिले चौथ्याचे, हा भागाकार ०.७७ च्या जवळ यायला हवा. तुमचे २५०० भागिले ३२०० म्हणजे ०.७८. काटा वाचताना इतका फरक पडतोच. या भागाकारात टायर, डिफ, ट्रान्सफर केस सगळं वर-खाली सारखंच असल्याने कटून जातं, टॅकोमीटर ठराविक प्रमाणात चुकत असेल तर तेही कटतं. मागे राहतो फक्त गिअरबॉक्स, आणि तो ठीक आहे.

क्लचही जवळजवळ निर्दोष सुटतो. सरकणारा क्लच असे नेटके भागाकार देत नाही. तो भार वाढला की सरकतो: वरच्या गिअरमध्ये, चढावर, पूर्ण पाय दाबल्यावर. या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १८०० आरपीएमला सर्वात जास्त, २६५ न्यूटन-मीटर. खात्री करायची तर पाचव्यात १७००-१८०० वर असताना चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टॅकोमीटरचा काटा उडी मारून वर गेला आणि गाडी तिथेच राहिली, तर क्लच. दोन्ही हळूहळू सोबत वाढले, तर क्लचचा विचार सोडून द्या.

खरी पंचाईत पुढे आहे. ३१०० हा आकडा तीन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एलटी२३० चा १.६६७ रेशोचा प्रकार आहे, तो १९८३ पासूनच्या सुरुवातीच्या चार सिलिंडर ११० मध्ये यायचा. तो बसवलेला असेल तर हिशेब ३०९० देतो. दुसरं, पुढच्या ॲक्सलला कुणी जुन्या सिरीज लँड रोव्हरचा ४.७ रेशो घातला असेल आणि मागे ३.५४ च असेल, तर ट्रान्सफर केसमधला मधला डिफ दोघांची सरासरी काढतो, ४.१२, आणि हिशेब येतो ३०४५. तिसरं, सगळं मूळचंच आहे आणि टॅकोमीटर १९ टक्के जास्त दाखवतोय. सीटवर बसून तिन्हींत काही फरक कळत नाही. म्हणूनच मोजल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असं मी कळकळीने सांगतोय.

कारण मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्याकडेही हीच गाडी, हेच इंजिन, आणि टॅकोमीटरवर जवळपास हेच आकडे. मला सांगण्यात आलं की ट्रान्सफर केस चुकीची आहे, आणि मी दोन दिवस खपून ती उतरवली. बाकावर ठेवून डिफ लॉक केला (म्हणजे पुढचं-मागचं आउटपुट एकत्र बांधलं), हाय टाकलं, इनपुटवर आणि आउटपुटच्या फ्लँजवर खडूच्या खुणा केल्या आणि हाताने फिरवायला लागलो. इनपुटचे दहा फेरे झाले तेव्हा फ्लँजची खूण सात फेरे पुरे करून बोटभर पुढे गेली होती. १.६६७ ची असती तर बरोबर सहा झाले असते. ती १.४११ चीच होती, आतून स्वच्छ, दातांवर ओरखडासुद्धा नाही. नव्या सील आणि गॅस्केट घालून ती परत चढवली. दोष निघाला अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर.

बऱ्याच डिफेंडरना कारखान्यातून टॅकोमीटर आलाच नव्हता, तो नंतर बसवलेला असतो. जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, त्यामुळे टॅकोमीटर आपला संकेत अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून घेतो. म्हणजे तो इंजिनाचे फेरे मोजतच नाही, अल्टरनेटरचे मोजतो आणि त्यावरून इंजिनाचा अंदाज बांधतो. अल्टरनेटर बदलताना पुली लहान आली, तर अल्टरनेटर जास्त फिरतो आणि काटा त्याच प्रमाणात वर सरकतो. जुन्याच्या रोटरला ध्रुवांच्या ६ जोड्या आणि नव्याच्या ८ असतील, तर आकडा थेट एकतृतीयांशाने फुगतो. चार्जिंग उत्तम चालू असतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. माझ्याकडे पुली लहान होती. टॅकोमीटरच्या पाठीमागे जुळवणीचा छोटा स्क्रू होता, तो दहा मिनिटांत जुळवला आणि विषय संपला.

त्यामुळे पहिली तपासणी अगदी साधी. इंजिन नीट गरम होऊ द्या आणि जागच्या जागी चालू असताना काटा बघा. ३०० टीडीआयचे आयडल आरपीएम ७२०, वीसेक इकडे-तिकडे. काटा ८५०-८६० दाखवत असेल आणि इंजिन मात्र नेहमीसारखं संथ वाजत असेल, तर संशय टॅकोमीटरवर. पक्कं करायचं तर क्रँकच्या पुलीवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवा आणि ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा (टेप इंजिन बंद असताना लावा; मोजताना पंख्यापासून बाही आणि केस लांब). आयडलला एकदा आणि २५०० च्या आसपास एकदा मोजा. दोन्ही ठिकाणी चूक त्याच प्रमाणात असेल तर पुली किंवा ध्रुव. वर गेल्यावरच बिघडत असेल तर बेल्ट सैल आहे का ते बघा.

दुसरी तपासणी माझी सर्वात आवडती, कारण ती ट्रान्सफर केसला गाडीतच बोलायला लावते. एलटी२३० चा हायचा रेशो प्रकारानुसार बदलतो, पण लो सगळ्या नेहमीच्या प्रकारांत ३.३२ च असतो. मोकळ्या रस्त्यावर हायमध्ये तिसऱ्या गिअरला जीपीएसवर बरोबर २५ चा वेग धरा, आरपीएम लिहा. गाडी पूर्ण थांबवून लो टाका, डिफ लॉक नको, पुन्हा तिसऱ्यात २५ धरा, आरपीएम लिहा. लोचा आकडा भागिले हायचा आकडा. २.३५ आला तर केस १.४११ ची, तुमच्या गाडीची मूळची. २ आला तर १.६६७. २.७ आला तर डिस्कव्हरीची १.२२२, पण मग तुमचे आरपीएम कमी दिसले असते, जास्त नाही. इथेही टायर, डिफ आणि काट्याची ठराविक चूक कटून जाते. केसच्या अंगावर कोरलेल्या नंबरावरूनही प्रकार कळतो, मात्र आतले गिअर कुणी बदलले असतील तर नंबर जुनीच गोष्ट सांगेल. माझा भरवसा भागाकारावर.

राहिले टायर आणि डिफ, ते एकाच ढकलण्यात उरकतात. सपाट जागा, इंजिन बंद, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, आणि ब्रेक पेडलवर पाय ठेवून एक माणूस सीटवर. मागच्या टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची रेघ मारा, पुढच्या-मागच्या दोन्ही प्रॉपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसमधून ॲक्सलकडे जाणारे दांडे) एकेक खूण करा. चाकाचे बरोबर पाच फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकला, प्रत्येक शाफ्टवर बाजूने एकजण लक्ष ठेवून फेरे मोजेल. ३.५४ चा डिफ असेल तर शाफ्टचे १७.७ फेरे, ४.७ चा असेल तर साडेतेवीस. जमिनीवरचं अंतर टेपने मोजून पाचाने भागलं की टायरचा खरा घेर. गाडीखाली कुणी जायचं नाही. एक गोष्ट जीवाची आहे म्हणून सांगतो: या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही डिफमधून गाडी घरंगळू शकते. जॅक लावायचाच असेल तर जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे घाला.

पुढच्या-मागच्या शाफ्टचे फेरे वेगळे निघाले तर ती गाडी लांब नेऊ नका. मधला डिफ सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, जो फक्त वळणावर फिरायचा, आणि तो तापून खराब होतो. अशा गाडीत डिफ लॉक टाकणं तर थेट मोडतोड.

वेग मात्र प्रत्येक वेळी जीपीएसवरच घ्या. यातला स्पीडोमीटर ट्रान्सफर केसच्या आउटपुटच्या बाजूने केबलवर चालतो. म्हणून केसचा हायचा रेशो बदलला तरी तो बरोबरच राहतो, पण टायर किंवा मागचा डिफ बदलला की चुकतो. तुमचे १०० हे जीपीएसचे की काट्याचे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

समजा केस १.६६७ ची निघालीच, तर १.४११ घाला. काहीजण एकदम १.२२२ सुचवतील, १०० ला २२७० आरपीएम ऐकायला छान वाटतं. पण भरलेल्या ११० ला एवढ्या उंच टायरवर पाचवा गिअर जड जातो, प्रत्येक चढावर चौथ्यात यावं लागतं. लो तोच राहत असल्याने खडकाळ वाटेवरच्या सावकाश चालीत मात्र काही फरक पडत नाही.

हेच लक्षण ऑटोमॅटिक गाडीत दिसत असेल तर आधी टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो) लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा भाग, लागतोय का ते पाहावं. स्थिर वेगात ॲक्सिलरेटर हलकेच दाबल्यावर आरपीएम आधी चढून मग वेग वाढत असेल, तर तो लागत नाहीये.

तुम्ही आत्ता दोनच आकडे घ्या: गरम इंजिनाचे आयडल आरपीएम, आणि २५ च्या वेगाला लो-हायचा भागाकार. ते इथे लिहा, मग शाफ्ट मोजायची गरज आहे की नाही ते लगेच सांगतो.