मॅच हलली की तुला हलता आलं पाहिजे

बाळा,

तुझी एक्सेल शीट बघितली. शनिवारी ॲनफिल्डला, म्हणजे आपल्या लिव्हरपूलच्या मैदानावर, फुटबॉलची मॅच, रविवारी पहाटे मँचेस्टरवरून पॅरिस, तिथून स्वित्झर्लंड, मग ॲमस्टरडॅम आणि पुढच्या रविवारी सेलूत घरी जेवायला. आणि खाली लाल अक्षरात, "काका, फ्लाइट आत्ताच काढू का, लई स्वस्त दिसायली."

नको काढू. तो शनिवार शनिवार नाही अजून.

जूनमध्ये प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगचं, वेळापत्रक येतं ना, त्यात बहुतेक मॅचेस शनिवारी दुपारी तीनला लिहिलेल्या असतात. ते कच्चं असतं. तिकडं शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवायलाच बंदी आहे, म्हणून ज्या मॅचेस टीव्हीला पाहिजेत त्या साडेबाराला, साडेपाचला, रविवारी नाहीतर सोमवारी रात्री ढकलतात, आणि लिव्हरपूल टीव्हीला जवळपास कायमच पाहिजे असतं. हे ठरतं कधी तर मॅचच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी. त्यात समोरची टीम गुरुवारी युरोपात खेळली तर मॅच रविवारी, कोणी कपच्या, म्हणजे लीगबाहेरच्या स्पर्धेच्या, पुढच्या राउंडला गेलं तर तारीखच बदलते. म्हणून सांगायलो, मॅच हलली की तुला हलता आलं पाहिजे. दोन्हीकडं दिवस मोकळे सोड. मागं दोन, पुढं तीन. ऑफिसात सुट्टी मागतानाच तशी माग.

तू म्हणशील काका घाबरवायलेत. १० सप्टेंबर २०२२ ला वूल्व्हजसोबत ॲनफिल्डला मॅच होती, राणी एलिझाबेथ वारली आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या मॅचेस पुढं गेल्या. ७ डिसेंबर २०२४ ला गुडिसनला, शेजारच्या एव्हर्टनच्या मैदानावर, डर्बी होती, म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच, वादळामुळं त्याच दिवशी सकाळी रद्द झाली आणि झाली कधी, तर १२ फेब्रुवारीला! अशा वेळी मोकळे दिवसही कामाला येत नाहीत हे मला कळतं, उगीच तेवढ्यावरून वाद घालू नको. वादळ तुझ्या हातात नाही. रविवारी पहाटेची फ्लाइट मात्र तुझ्या हातात आहे.

आता खरं दुखणं. घरचे म्हणायलेत एवढे लाखभर घालतोस तर युरोप बघून ये. मलाही म्हणले होते. पैठणहून नाथांच्या पालखीसोबत निघालेल्या माणसाला कोणी म्हणतं का की चाललासच तर जाता जाता महाबळेश्वर करून ये? तू मॅचला चाललास, फिरायला नाही. आणि ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या एकाच व्हिसात, नाही हे तुझ्या शीटमध्ये कुठंच नाही, म्हणजे दुसरा व्हिसा, दुसरी फी, परत पुण्या-मुंबईला बोटाचे ठसे द्यायला चक्कर, आणि पासपोर्ट एकाकडं अडकला की दुसरा अर्ज तसाच लटकलेला. हे सगळं कशासाठी, आयफेल टॉवरखाली फोटो काढायला?

मी लंडन बघितलं नाही. अजूनही लग्नाकार्यात कोणीतरी विचारतंच, "इंग्लंडला जाऊन आले आणि लंडन नाही बघितलं?" नाही बघितलं. माझी मॅच शनिवारवरून सोमवारी रात्री आठला गेली आणि मी फक्त हॉटेलला मेल टाकून दोन रात्री वाढवल्या. आमच्या ग्रुपातल्या एका पोरानं पॅरिसची न परतणारी तिकिटं काढून ठेवली होती, त्यानं सोमवारची मॅच पॅरिसला हॉटेलात मोबाईलवर बघितली. आयफेल टॉवर बघितला म्हणे. असो. मला त्या लंडनचं काडीचं वाईट वाटत नाही, वाटायचंही कारण नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याचं. २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल आणि मिलान, आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाली. परभणीला रूमवर चौदा इंची टीव्ही. हाफ टाइमला मिलान ३-०. सगळे झोपले, मी बसलो. आणि लाईट गेली. तेव्हाचं लोडशेडिंग तुला माहीत नाही. जेरार्ड, स्मित्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, आणि मी अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो. लाईट आली तेव्हा स्क्रीनवर ३-३, मला वाटलं टीव्ही बिघडला. ती सहा मिनिटं नंतर शंभरदा बघितली, पण ते बघणं नाही रे. तेव्हाच ठरवलं होतं, एक तरी मॅच तिथं उभं राहून बघायची, आणि त्या मॅचच्या आड काहीच येऊ द्यायचं नाही.

मॅचचं तिकीट: क्लबची मेंबरशिप काढ, बॅलटमध्ये, म्हणजे तिकिटाच्या सोडतीत, नाव टाक. नाही लागलं तर क्लबचंच हॉस्पिटॅलिटी पॅकेज, म्हणजे खाण्यापिण्यासकट सीट, महाग पडतं पण पक्कं. इन्स्टाग्रामवर तो जो कोणी 'भाई सीट है' म्हणायलाय त्याला ब्लॉक कर. इंग्लंडात फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तिकीट मोबाईलमधल्या पासवर येतं, गेटवर लाल दिवा लागला की बाहेरूनच आवाज ऐकायचा.

व्हिसासाठी ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे धर. वडिलांनी सोयाबीनचे पैसे दिले म्हणालास, ते एकदम खात्यात टाकले की 'हे कुठून आले' होतं. मोंढ्यातल्या आडत्याची हिशोबपट्टी, सातबारा, वडिलांचं पत्र, सगळं जोड. इंग्रजी भाषांतरासकट.

हॉटेल फुकट रद्द होणारं घे. फ्लाइट तारीख बदलता येणारी घे, चार पैसे जास्त गेले तरी. तीनशे पौंडाची जर्सी नि स्कार्फ लिहिलंयस शीटमध्ये, तिथून काप. मॅचच्या आदल्या दिवशी मोकळा असलास तर मेन स्टँडपाशी हिल्सबरोचं स्मारक आहे, १९८९ ला त्या स्टेडियमातल्या चेंगराचेंगरीत गेलेले लिव्हरपूलचे ९७ जण, नावं वाचत उभा राहा, घाई नको. मग स्टॅन्ले पार्कातून चालत पलीकडं गुडिसन. एव्हर्टन आता तिथून गेलं नव्या स्टेडियमला, तरी जा.

आता ती शीट दुरुस्त कर आणि परत पाठव. वडिलांशी मी बोलतो, त्यांना म्हणतो पोरगं एकच गाव बघणार आहे, खर्च उलट कमीच. ते ऐकतील. आईला तूच सांग.

काका