हुशार, सरळमार्गी माणसं संस्थेत बसून चुकीचे निर्णय का घेतात?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनी असो, सरकारी खातं असो की कोर्ट, तिथली माणसं एकेकटी भेटली तर समंजस वाटतात. मग एकत्र बसून ती असे निर्णय कसे घेतात? सगळे विकले गेलेले असतात का?

नाही. माझं काम इंटर्नल ऑडिटचं, म्हणजे संस्थेचे व्यवहार आतूनच तपासण्याचं. पैसे खाऊन खोटी सही करणारे मला त्या मानाने कमी भेटले. सही करताना आपण काही वावगं करतोय असं ज्यांच्या मनातही आलं नाही, तेच जास्त भेटले. म्हणून निर्णय कुठलाही असो, मी आधी दोन गोष्टी बघतो. निर्णय घेणाऱ्याची पुढची बढती, पुढची फी, पुढचं काम कोणाच्या हातात आहे? आणि निर्णय घेण्याआधी त्याचं बोलणं कोणाशी होतं? त्याची सचोटी, शिक्षण, स्वभाव यांचा विचार त्यानंतर.

पहिल्या गोष्टीचं ढळढळीत उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. खाती, कार्डं, कर्जं असं सगळं धरून एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ गोष्टी घालायच्या, असा तिथे वरून जोर होता. ग्राहकाला आठ गोष्टी नको असतात, पण शाखेतल्या माणसाला नोकरी टिकवायची असते. मग ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावावर खाती उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं बाहेर आलं. इतक्या शाखांतली इतकी माणसं मुळात वाईट होती, हे मला पटत नाही. टार्गेटच तसं होतं, आणि ते ठरवणारे या ५,३०० जणांत नव्हते.

दुसरी गोष्ट, म्हणजे ओळखीपाळखी, यापेक्षा नाजूक आहे. अमेरिकेतली एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यामुळे बुडाली, तेव्हा तिची ऑडिटर, म्हणजे हिशेब तपासणारी फर्म, होती आर्थर अँडरसन. २००० साली अँडरसनला एन्रॉनकडून ऑडिटचे सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि सल्ल्याच्या व इतर कामांचे सुमारे २.७ कोटी. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे झालंच. पण एन्रॉनच्या हिशेब विभागातले बरेच जण मूळचे अँडरसनचेच होते. आता त्या ऑडिटरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. टेबलापलीकडे तुमचा जुना सहकारी बसलाय. त्याने दिलेला खुलासा तुम्हाला पटतो, कारण कुठला खुलासा पटण्यासारखा असतो हे तुम्ही दोघं एकाच ठिकाणी शिकलात. इथे लाच द्यावीच लागत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार पकडणं फार अवघड जातं.

सरकारातही हेच चालतं, आणि तिथे ओळखीची किंमत चक्क मोजता आली आहे. अमेरिकेत सिनेटरच्या कार्यालयात नोकरी करून नंतर लॉबिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी सरकारदरबारी वजन वापरण्याच्या धंद्यात, शिरलेल्यांवर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या सिनेटरकडे पूर्वी नोकरी केली तो पदावरून गेला, की त्या लॉबिस्टची कमाई सुमारे २४ टक्क्यांनी घसरत होती. त्याचं कायद्याचं ज्ञान कालच्याइतकंच, अनुभवही तेवढाच, गेली ती फक्त ओळख. याची दुसरी बाजूही बघा. एखाद्या उद्योगावर नियंत्रण ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर त्याच उद्योगात काम मिळणार असेल, तर त्याला कोणी काही कबूल करावं लागत नाही. ‘आडमुठा’ असा शिक्का बसू नये, एवढी काळजी तो आपणहून घेतो.

कायद्याबद्दल लोकांचा समज वेगळा असतो. तिथे नियम लिहिलेले आहेत, दोन्ही बाजूंना वकील आहेत, मग ओळखीचा काय संबंध? १९७४ साली मार्क गॅलँटर या अमेरिकी अभ्यासकाने याचं उत्तर फार नेमकं मांडलं. कोर्टात दोन तऱ्हेचे पक्षकार येतात. काहींची आयुष्यात एखादीच केस असते, तर विमा कंपन्या किंवा सरकारी पक्ष वर्षानुवर्षं त्याच प्रकारच्या केसेस लढतात. नेहमीच्या खेळाडूला एखादी केस हरणं परवडतं. पुढे त्रासदायक ठरेल असा निकाल येतोय असं दिसलं, तर तो आधीच तडजोड करून मोकळा होतो. एकदाच आलेल्याला ही चैन परवडत नाही.

आणि त्याचा वकील? तो स्वतः नेहमीचा खेळाडू असतो. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांत दोषी ठरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण खटला न लढता, गुन्हा कबूल करून, सौद्याने दोषी ठरतात. हा सौदा ठरवताना वकिलासमोर सरकारी वकील असतो, आणि त्याच्याशी उद्याही गाठ पडणार असते, परवाही. अशिलाशी संबंध मात्र या केसपुरता. त्यात फी ठरावीक असेल तर केस लवकर मिटण्यात वकिलाचा फायदा, तासावर असेल तर लांबण्यात. ‘कबूल करा, यातच तुमचं भलं आहे’ हा सल्ला तो मनापासून देत असेल आणि तो बरोबरही असेल. तरी तो सल्ला कुठून आलाय हे अशिलाला कळायला हवं, आणि ते त्याला कोणीच सांगत नाही, याचा मला राग येतो.

तुम्ही पुढे विचारलंय, की नीतिमत्तेचं प्रशिक्षण दिलं तर फरक पडेल का. मला त्यापेक्षा गुजरातमधल्या प्रयोगावर जास्त भरवसा वाटतो. तिथे कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट व्हायचं, पण ऑडिटर कारखान्याने निवडायचा आणि पैसेही त्यानेच द्यायचे. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा धुरातल्या कणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अहवालांत ७ टक्के होते, फेरतपासणीत ५९ टक्के निघाले. अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरासे खाली येऊन दाटीने बसलेले. मग निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली: ऑडिटर चिठ्ठी काढल्यासारखा नेमून द्यायचा, फी ठरलेली आणि एका सामायिक निधीतून, आणि काही मोजण्या अचानक पुन्हा करून बघायच्या. दुसऱ्या वर्षी अचूकपणाला जास्तीचे पैसे. ऑडिटर त्याच पेशातले, कोणालाही प्रवचन दिलं नव्हतं. अहवाल खरे येऊ लागले. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

ओळखींवर मात्र इतका सरळ उपाय मला दिसलेला नाही. एन्रॉननंतर २००२ मध्ये अमेरिकेने कायदा केला: ऑडिटरने त्याच कंपनीला सल्ल्याची बहुतेक कामं विकायची नाहीत, आणि ऑडिट करणाऱ्याने तिथल्या हिशेबाच्या वरच्या जागेवर जायचं तर मध्ये एक वर्ष जाऊ द्यायचं. बरं झालं, पण फी आजही ती कंपनीच देते. शिवाय ओळखी सरसकट तोडूनही चालत नाही, कारण एखादा धंदा कसा चालतो याची खरी माहिती बहुतेकदा त्यातल्या माणसांकडेच असते.

मी माझ्यापुरतं एक करतो. अहवालावर सही करण्याआधी तो दुसऱ्या विभागातल्या अशा माणसाला वाचायला देतो, ज्याचं यातल्या कोणाशी जाणं-येणं नाही आणि पुढे कोणाकडे कामही पडणार नाही. त्याचे बरेचसे प्रश्न अगदी प्राथमिक असतात आणि ते लगेच निकालात निघतात. एखाद्या प्रश्नावर मात्र आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो, आणि तो कागद मी पुन्हा मागवतो.