पत्त्यातल्या नावावरून पान उघडताना

प्रश्न : इतवारीत आमचं मसाल्याचं दुकान आहे. वेबसाइट पीएचपीत केली आहे. पत्त्यात 'पेज=भाव' आलं की त्याला डॉट पीएचपी जोडून ती फाइल इन्क्लूड होते, 'पेज=सावजी' आलं की सावजी मसाल्याचं पान. मित्र म्हणतो, हे धोक्याचं आहे. '../' (म्हणजे एक फोल्डर मागे जा) पुसून टाकलं तर भागेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही भागणार. '../' एकदाच शोधून पुसलं तर हल्ला करणारा '....//' पाठवतो, मधली तीन चिन्हं गळतात आणि उरतं पुन्हा '../'. म्हणजे तुमच्याच कोडनं त्याला मागच्या फोल्डरची वाट करून दिली. शेवटी डॉट पीएचपी जोडण्यावरही विसंबू नका. 5.3.4 च्या आधीच्या पीएचपीत नल बाइट (मजकूर इथंच संपला असं सांगणारं अदृश्य चिन्ह) टाकून ते शेपूट तोडता यायचं. आता तसं होत नाही, पण नावाआधी फोल्डर जोडलेला नसेल तर फिल्टर रॅपर (फाइल वाचतानाच तिचं रूप बदलणारी पीएचपीतली सोय) चालतो : कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जची फाइल न चालता बेस64 या सहज उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात पानावर छापली जाते, आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो.

पत्त्यातला शब्द फाइलच्या नावात जाऊच देऊ नका. कोडमध्ये एक अ‍ॅरे, म्हणजे जोड्यांची यादी, करा : डावीकडे 'भाव', 'सावजी', 'संपर्क', उजवीकडे त्या-त्या फाइलचा पूर्ण मार्ग. आलेला शब्द डावीकडे सापडला तरच उजवीकडची फाइल इन्क्लूड करा. त्याआधी तो स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आहे का ते तपासा; कोणी 'पेज[]=भाव' पाठवलं तर हातात अ‍ॅरे येतो आणि पीएचपी 8 मध्ये पानच कोसळतं. पॅरामीटर नसेल तर मुखपृष्ठ.

यादीत नसलेल्या नावाला 404, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा स्टेटस कोड, द्या. इथे बरेच जण गुपचूप मुखपृष्ठ दाखवतात. मग सर्च इंजिनला वाटेल तो पत्ता खरा वाटतो. ही तपासणी हेडरची फाइल जोडण्याआधी हवी, कारण एकदा पानाचा मजकूर ब्राउझरकडे गेला की स्टेटस कोड बदलत नाही.

पानांच्या फाइली पब्लिक फोल्डरबाहेर, म्हणजे ब्राउझरला थेट उघडता येणार नाहीत अशा जागी, ठेवा. दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल इन्क्लूड करू देणारं 'अलाऊ यूआरएल इन्क्लूड' हे सेटिंग पीएचपी 5.2 पासून मुळातच बंद असतं, तरी होस्टिंगवर एकदा बघून घ्या. वाण शेकड्यांनी वाढले तर यादी डेटाबेसमध्ये न्या, पण शोध प्रिपेअर्ड क्वेरीनंच घ्या, म्हणजे आलेला शब्द क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळा पाठवून.

झाल्यावर ब्राउझरमध्ये स्वतःच 'पेज=....//कॉन्फिग' आणि 'पेज[]=भाव' टाकून पाहा. दोन्हींना 404 यायला हवा, आणि वॉर्निंगची एकही ओळ पानावर दिसता कामा नये. त्या ओळीत सर्व्हरवरचा पूर्ण मार्ग छापलेला असतो.