तलावातल्या छोट्या माशांसाठी नवशिक्याने स्वस्तातला अल्ट्रालाइट रॉड-रील कोणता घ्यावा?

साडेपाच ते साडेसहा फुटांचा, १ ते ७ ग्रॅमचं आमिष फेकणारा दोन तुकड्यांचा रॉड, १००० साइजचं स्पिनिंग रील आणि ४ ते ६ पौंडांचा ताण सहन करणारा नायलॉन तंगूस (गळाचा दोरा) घ्या; चिलापी, खवलीला पुरतो. काटकसर रॉडमध्ये करा, रीलमध्ये नको. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस हळूहळू सोडणारा रीलमधला ब्रेक. तो अडकला की एवढा बारीक तंगूस सहज तुटतो, हे मी तळ्याकाठी पुन्हा पुन्हा पाहिलंय. दुकानातच थोडा तंगूस गुंडाळून, ड्रॅग सैल करून हाताने ओढा. झटके देत सुटला तर ते रील घेऊ नका. रीलमध्ये बेअरिंग किती आहेत, त्या आकड्याला भुलू नका. मात्र मरळीसाठी हा सेट नको. ती पाणवेलींत शिरली की तंगूस तुटतो आणि बिचारीच्या तोंडात गळ तसाच राहतो.