आईला दोन केमो एकत्र झेपतील का?

ताई, आईचा गर्भाशयातला लायोमायोसारकोमा (गुळगुळीत स्नायूंचा कॅन्सर, सारकोमाचा एक प्रकार) फुप्फुसात गेलाय, डॉक्टर डॉक्सोरुबिसिनसोबत ट्रॅबेक्टेडिन द्यायचं म्हणतायत आणि घरचे म्हणतात या वयात दोन-दोन केमो कशाला, असं विचारलंय तुम्ही. माझ्या दादाला हाच आजार मांडीत होता, म्हणून लिहितेय.

घरच्यांची भीती खोटी नाही. सारकोमात (स्नायू, चरबी, हाडं अशा ऊतींच्या कॅन्सरमध्ये) औषधं जोडून बघायचे प्रयत्न बरेच झाले आणि बरेच फसले. डॉक्सोला (डॉक्सोरुबिसिनला) इफोस्फामाइड हे दुसरं केमो जोडलं, ४५५ पेशंट होते, गाठी जास्त जणांच्या आकसल्या (२६ टक्के, एकट्या डॉक्सोवर १४) पण आयुष्य वाढलं असं काही सिद्ध झालं नाही. डॉक्सोला जोडलेल्या ओलारॅटुमॅब या औषधाचं तर फार वाईट वाटतं, १३३ जणांत जवळजवळ वर्षभर जास्त आयुष्य दिसलं आणि मग ५०९ जणांवर तपासलं तर फरकच नाही! म्हणून कुणी कॉम्बिनेशन म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या सारकोमावर तपासलंय, आणि नुसती गाठ आकसली की माणूस जास्त जगला?

तुमच्या आईच्या बाबतीत उत्तर चांगलं आहे. फ्रान्समधली एलएमएस-०४ ट्रायल फक्त लायोमायोसारकोमाचीच, १५० पेशंट, त्यात गर्भाशयाचेही होते. एकट्या डॉक्सोवर निम्मे पेशंट २४ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दोन्ही औषधांवर निम्मे ३३ महिन्यांपेक्षा जास्त. सहा सायकलनंतर (केमोच्या फेऱ्यांनंतर) डॉक्सो थांबतं, ट्रॅबेक्टेडिन पुढे चालू राहतं.

पण रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात, त्या वाढवायला दर सायकलला ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन लागतं. दादाला तिसऱ्या सायकलनंतर रात्री १०१ ताप आला, आम्ही क्रोसिन देऊन सकाळची वाट बघितली, तो नंतर पाच दिवस अ‍ॅडमिट होता. तुम्ही थांबू नका, १००.४ दिसला की रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीला न्या. सुरू करण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लिव्हरच्या टेस्ट करा, आणि पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेत औषध सोडायची नळी) घालून घ्या, हाताच्या शिरेत ट्रॅबेक्टेडिन बाहेर गळलं तर आतलं मांस जळतं.

आणि बायोप्सीचे ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) दुसऱ्या हॉस्पिटलात तपासायला दाखवलेत का? आम्ही डेक्कन क्वीननं दादरला उतरून परळच्या टाटाला नेले होते. हे सगळं गणित लायोमायोसारकोमाचंच आहे, निदानच वेगळं निघालं तर लागू नाही, म्हणून ते आधी करा. इकोचा रिपोर्ट आला की सांगा.