सगळ्या नटांना बसणारा पाना कुणाच्या कामाचा?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं द्वारका भागात गॅरेज आहे. आम्ही पाच जण दर रविवारी सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येक जण एक पात्र होतो आणि फासे टाकून कथा पुढे नेतो. गेम मी चालवते. आमच्या कथेतली मेकॅनिक अवकाशयानं दुरुस्त करते. तिच्यासाठी मी भविष्यातली हँड टूल्स डिझाइन करते, त्यांतली सात स्केचेस सोबत पाठवली आहेत. मित्र म्हणतात, दिसायला भारी आहेत, पण सगळ्या जादूच्या कांड्या. बाबा म्हणतात, टाइमपास. यातून डिझाइनच्या क्षेत्रात जाता येईल का? पोर्टफोलिओत ही चित्रं चालतील का?
– एक विद्यार्थिनी, सातपूर, नाशिक

उत्तर : चालतील, पण आत्ता आहेत तशी नाहीत. तुझा हात चांगला आहे, रेषा स्वच्छ आहे आणि सावल्या बरोबर पडल्यात. मित्रांचं म्हणणं मात्र खरं आहे. तुझा ‘क्वांटम पाना’ कुठल्याही नटाला बसतो आणि तो एका सेकंदात उघडतो. मग तुझ्या मेकॅनिकने करायचं काय? पाना बसत नाही, जागा अपुरी आहे, नटाचे कोपरे गोल झालेत, अशा अडचणी आल्या तरच तिचं कौशल्य दिसतं. पोर्टफोलिओ तपासणारा परीक्षकही तेच बघतो. टूल काय करतं हे तर चित्रात दिसतंच. ते कुठे अडतं हे तुला माहीत आहे का, याकडे त्याचं लक्ष असतं.

म्हणून सुरुवात टूलपासून करू नकोस, जोडणीपासून कर. तुझ्या जगात दोन पत्रे एकमेकांना कशाने धरलेत? नट-बोल्ट, क्लॅम्प, चिकट पदार्थ की वेल्डिंग? आपल्याकडे एम८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला बहुधा १३ चा पाना लागतो आणि एम६ च्या सॉकेट हेड (डोक्यात सहा कोनी खळगा असलेल्या) बोल्टला ५ ची एलन की. अशी दोन-तीन मापं तुझ्या जगासाठी ठरव आणि एका पानावर लिहून काढ. जुन्या यानांचं माप वेगळं, नव्यांचं वेगळं, एवढं केलंस तरी गेममध्ये चार रविवार पुरेल इतका गोंधळ तयार होईल.

मग बाबांच्या गॅरेजमधली पेटी उघड आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर घेऊन बस. फिक्स पान्याचं तोंड दांड्याला १५ अंश तिरकं असतं. पाना पालथा केला की तोच नट फक्त ३० अंशांच्या जागेत फिरवता येतो. एवढ्या साध्या गोष्टीमागे केवढा विचार आहे बघ! बारा कोनी रिंग पाना अडचणीत पटकन बसतो, पण पकड कोपऱ्यांजवळ घेतो. त्यामुळे गंजलेल्या नटाचे कोपरे तो लवकर खातो, तिथे सहा कोनी गोटीच (सॉकेट) लागते. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारा, आत दाते असलेला पाना. ७२ दात्यांचं रॅचेट ५ अंशांवर पकडतं, २४ दात्यांच्या रॅचेटला १५ अंश हालचाल लागते. कारच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लागतो. म्हणजे २५ सेंटिमीटर दांड्यावर ४० किलोचा जोर आणि ५० सेंटिमीटरवर २० किलोचा. पान्याला पाईप का लावतात, याचं उत्तर या हिशेबात आहे, आणि बोल्ट का तुटतात याचंही.

आता हाच नट अवकाशात ने. जमिनीवर जोर लावताना आपले पाय जमिनीला रेटतात. कक्षेत तसा आधार नसतो, त्यामुळे नट फिरायच्या ऐवजी मेकॅनिकच फिरते. म्हणून स्पेसवॉकमध्ये पाय अडकवायची चौकट वापरतात. नासाचं बॅटरीवर चालणारं पिस्तुलाच्या आकाराचं टूल १९९७ च्या हबल दुर्बिणीच्या दुरुस्ती मोहिमेत वापरलं गेलं. त्यात टॉर्क आधी ठरवून देता येतो. अवकाश सूटमध्ये सुमारे ३० किलोपास्कल दाब असतो. प्रत्येक वेळी मूठ मिटायची म्हणजे फुगलेला हातमोजा दाबायचा, आणि त्याने बोटं थकतात. तुझ्या स्केचमधली सात छोटी बटणं त्या मोज्यात दाबलीच जाणार नाहीत. दोन बोटांनी ओढता येईल असा एक लांब ट्रिगर दे.

तेलही विसर, निर्वातात ते उडून जातं. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण वापरतात. स्वच्छ, उघडे, एकाच जातीचे धातू एकमेकांवर घासले तर ते चिकटून बसू शकतात, हा बिघाड तुझ्या गेमला आयताच मिळाला. टूलला दोरीची कडी हवीच. नोव्हेंबर २००८ मध्ये स्पेसवॉकच्या वेळी अख्खी टूल बॅग हातून सुटून गेली होती. विमानांच्या देखभालीतही प्रत्येक टूलची ठरलेली खाच असते आणि काम संपल्यावर मोजणी होते. ट्रेमध्ये एक खाच रिकामी आहे आणि यान अर्ध्या तासात सुटणार आहे, या प्रसंगासाठी तुला वेगळा राक्षस लागणार नाही.

चंद्रावरचं यान असेल तर रॅचेट देऊ नकोस. तिथली धूळ धारदार असते, सगळ्याला चिकटते आणि दात्यांत जाऊन बसते. माझ्या मते पुढच्या शतकातही साधा फिक्स पाना टिकून राहील. त्यात अडकण्यासारखं काहीच नाही.

एक टूल पूर्ण करून दाखवतो. नाव ‘टेकू’. मोटरवर चालणारा पाना, बाजूला एक आडवा हात, जो शेजारच्या बोल्टला टेकतो आणि उलटा जोर तिथे उतरवतो. आपल्या कारखान्यांत टॉर्क वाढवायला वापरतात त्या टॉर्क मल्टिप्लायरला असा टेकणारा हात, म्हणजे रिॲक्शन आर्म, असतोच, म्हणजे कल्पना हवेतली नाही. मुठीचा व्यास ३६ मिलिमीटर, टॉर्क जास्तीत जास्त १५० न्यूटन-मीटर, एका बॅटरीत ४० नट. आता हिशेब कर. टेकायची जागा १५ सेंटिमीटरवर असेल तर तिथे १००० न्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोचा भार येतो. १० सेंटिमीटरवर तो १५०० न्यूटन होतो. जवळ टेकवणं सोपं, पण धोक्याचं. एकटा बोल्ट असेल तर टेकू निरुपयोगी. थोडक्यात चुकलं तर आर्म सटकतो आणि मेकॅनिक दोरीच्या टोकाला गरगरते. मोठं चुकलं तर शेजारचा बोल्ट तुटतो आणि एकाच्या जागी दोन दुरुस्त्या होतात. आर्म आणि बोल्ट यांच्यामध्ये बोट सापडणं हा खऱ्या कामातलाही धोका आहे, तोही लिही.

गेमचे नियम लिहिताना ‘या टूलला अधिक एक’, म्हणजे फाशावरच्या आकड्यात एक मिळवा, असं सरसकट लिहू नकोस. वीस पैलूंच्या फाशावर अधिक एक म्हणजे यशाची शक्यता ५ टक्क्यांनी वाढते. दोन सहा पैलूंचे फासे असतील तर चित्र बदलतं. आठ किंवा जास्त हवे असताना ३६ पैकी १५ वेळा यश येतं, सुमारे ४२ टक्के. अधिक एक मिळालं की २१ वेळा, म्हणजे ५८ टक्के. पण बाराच हवे असतील तर तोच अधिक एक १ वरून ३ वर नेतो, जेमतेम ८ टक्के. म्हणजे तुझं टूल सोप्या-मध्यम कामात भाव खाणार आणि अवघड कामात हात टेकणार. त्यापेक्षा प्रत्येक टूलच्या कार्डावर असं लिही : यामुळे काय करता येतं, एक की दोन हात लागतात, किती वेळ जातो, काय खर्च होतं, बिघडलं तर काय होतं. आकडा शेवटी, लागलाच तर.

कागदावर थांबू नकोस. पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची मूठ ३०, ३५ आणि ४० मिलिमीटरची करून बघ. लोकरीच्या हातमोज्यावर वेल्डरचा चामडी मोजा चढव आणि ट्रिगर ओढून बघ. थ्री-डी प्रिंट काढणार असशील तर हलणाऱ्या भागांत ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेव, नाहीतर ते एकमेकांना धरून बसतात. ४० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर ७२ दाते काढलेस तर प्रत्येकाला पावणेदोन मिलिमीटर जागा मिळते. प्रिंटरच्या साध्या ०.४ मिलिमीटरच्या नोझलवर ते मऊ, बोथट येतात आणि घसरतात. २४ दाते घे, म्हणजे पाच मिलिमीटरहून जास्त जागा मिळेल. दात्यात अडकणारा खटका आडवा ठेवून छाप. उभा छापला की थरांच्या रेषेवर कट्कन तुटतो. तुटलाच तर फेकू नकोस, फोटो काढ. २०१४ मध्ये अवकाश स्थानकावर प्लॅस्टिकचं एक रॅचेट असंच छापलं होतं, फाइल पृथ्वीवरून पाठवून.

पोर्टफोलिओत सात टूल्स नकोत, तीन पुरेत. प्रत्येकाला दोन-तीन पानं दे : कामाची जागा, मापं, जोराचा हिशेब, फसलेला नमुना, सुधारलेला नमुना. निळ्या चमकत्या रेषा काढून टाक. त्या कशासाठी आहेत हे तुलाही सांगता येणार नाही.

आता वाटा. बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा जानेवारीत होते. तीन वर्षांच्या मान्यताप्राप्त डिप्लोमावर बसता येतं, पण प्रयत्न दोनच आणि तेही लागोपाठच्या वर्षांत. तिथे पोर्टफोलिओ बघत नाहीत, संगणकावरचा पेपर आणि हाताने काढायचं चित्र यांवरच निकाल लागतो. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या डिझाइन संस्थेत मात्र पोर्टफोलिओ बघून मुलाखत होते. दुसरी वाट म्हणजे डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, मग सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी), किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसचा टॉय अँड गेम डिझाइन अभ्यासक्रम. दहावीनंतरच्या नुसत्या डिप्लोमावर सीड देता येत नाही. तुझ्यासाठी मी दुसरी वाट धरेन. वेळ जास्त जातो, पण तुझं मेकॅनिकल वाया जात नाही.

गेमसाठी टूल्स काढून पोट भरेल का, या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो. अशी कामं थोडी आहेत, बहुतेक फुटकळ मिळतात, आणि त्यांच्यावर घर चालवायचा बेत आखू नये. पण याच आवडीला लागून असलेलं एक काम तुझ्या घरापासून फार लांब नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांना जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम करताना पार्ट बरोबर जागी धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करणारी माणसं लागतात. एकच पार्ट, एकच ऑपरेशन, आणि ते हाताळणारा माणूस समोर. पार्ट खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक अशा सहा बिंदूंवर पक्का बसवायचा आणि उलटा बसूच नये अशी पिन द्यायची. तू गेममध्ये जे करते आहेस तेच, फक्त इथे चूक झाली की माल रिजेक्ट होतो. डिप्लोमातलं इंडस्ट्रिअल ट्रेनिंग शक्यतो अशी साधनं जिथे बनतात त्या टूलरूममध्ये माग, असेंब्ली लाइनवर नको.

बाबांना स्केचेस दाखवू नकोस, बिघाडांची यादी दाखव. कुठला बोल्ट सगळ्यात जास्त छळतो, कुठला पाना त्यांनी स्वतः घासून बारीक केलाय आणि का, हे विचार. बहुतेक गॅरेजमध्ये एक तरी असा पाना सापडतो. त्याचं माप घे आणि पहिलं टूल त्यावरून काढ.